चाकांवरचे घर आणि रणातील पाणी

आपल्या हौसेसाठी किती पैसा खर्च करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राने ज्याच्या त्याच्यावर सोपविलेला आहे. त्या हौसेचा भार दुसऱ्याच्या माथी पडू लागला, म्हणजे मात्र तो प्रश्न सार्वजनिक होतो. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय पोटात घेऊन धावणारी ‘कॅरॅव्हॅन’ आता आपल्याकडेही दिसू लागली आहे आणि तिच्या हौशी प्रवाशांना कच्छच्या रणाची ओढ असणे स्वाभाविकच आहे.

वसईजवळच्या सातिवलीचे उदाहरण घ्यावे. तेथील कारखान्यांच्या गाळ्यांपासून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जवळच आहे. त्या मार्गाने अहमदाबाद आणि भुज ओलांडून धोरडोपर्यंतचे अंतर सुमारे ९०० किलोमीटर भरते. मोठी गाडी लिटरला सहा किलोमीटर चालते असे धरले, तर जाऊन-येऊन ३०० लिटर डिझेल लागेल; लिटरला ९० रुपये भावाने त्याचेच २७,००० रुपये होतात. गाडीचे भाडे, पथकर आणि चालकाचा मेहनताना निराळा. तेवढ्या रकमेत चौघांचे कुटुंब कच्छ एक्सप्रेसने भुजला जाऊन, साध्या खोलीत चार दिवस राहून, वर काही शिल्लक घेऊन परत येईल. तेव्हा हा प्रवास स्वस्त पडतो, हे म्हणणे टिकण्यासारखे नाही. त्याचे खरे आकर्षण आहे ते मनाला येईल तेथे मुक्काम करण्याच्या स्वातंत्र्याचे.

परंतु हे स्वातंत्र्य पाण्याच्या टाकीएवढेच असते. माणशी रोजचे २० लिटर म्हणजे काटकसरच. तरीही चौघांना तीन दिवसांसाठी २४० लिटर पाणी हवे आणि ते वाहून नेण्याचे वजनही २४० किलो. त्यातील बहुतेक पाणी सांडपाणी होऊन दुसऱ्या टाकीत जमा होणार. रणाचा बेत आखणारे पेट्रोल पंपांची नोंद काटेकोरपणे करतात, पण ही दुसरी टाकी कोठे रिकामी करायची, याचा विचार क्वचितच होतो. पावसाळ्यात रण पाण्याखाली असते. ते वाळल्यावरही मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल राहतो आणि जड गाडीची चाके त्यात सहज रुततात. सीमा जवळ असल्याने पांढऱ्या रणाकडे जाण्यास परवाना लागतो, हे वेगळेच. सारांश, मोठ्या गाडीने डांबरी रस्ता आणि ठरलेला तळ सोडू नये.

यात खरा धोका प्रवाशांपेक्षा स्थानिकांना अधिक आहे. रणाला लागून बन्नीचे गवताळ मैदान आहे. तेथील भूजल खारे. मालधारी पशुपालक सखल जागी उथळ ‘विरडा’ खणतात आणि खाऱ्या पाण्यावर तरंगणारे पावसाचे गोडे पाणी माणसांसाठी व गुरांसाठी वापरतात. अशा जागी कोणी रात्रीच्या अंधारात मैल्याची टाकी मोकळी केली, तर त्या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजली, हे सांगावयास नको.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर हिवाळी मुक्कामाचे तळ १९८० च्या दशकात आखले गेले. क्वार्ट्झसाइटजवळच्या तळावर पाणी भरण्याची आणि मैला सोडण्याची सोय आहे आणि प्रवासी त्यासाठी परवाना-शुल्क मोजतो. श्रीमंत देशातही चाकांवरच्या घराला सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक गटार चुकलेले नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. त्यात गाड्यांबरोबर तळांचाही विचार आहे, ही जमेची बाजू. मौज अशी की धोरण महाराष्ट्राचे आणि रण गुजरातचे! दोन्ही राज्यांतून जाणाऱ्या महामार्गावरील तळांची आखणी एकत्र झाली नाही, तर करांतील सवलती गाडीमालकाच्या पदरात पडतील आणि मैला बन्नीच्या वाट्याला येईल. सार्वजनिक पैसा खर्चच करावयाचा, तर तो आधी पाणी, शौचालय आणि मैलाशुद्धीकरणाची सोय असलेल्या तळांवर व्हावा. तेथे शाळेच्या सहलीची एस. टी. थांबेल, लहान मोटारीतून निघालेला कारकून थांबेल आणि आज रस्त्याच्या कडेला अंग धुणारा मालमोटारीचा चालकही थांबेल. कॅरॅव्हॅनवाल्याकडून मात्र मुक्कामाचे आणि टाकी रिकामी करण्याचे पुरेपूर शुल्क घ्यावे. २७,००० रुपयांचे डिझेल जाळणाऱ्याला ते जड जाऊ नये.