इंटरनेटच्या पत्त्यांची वही कुणाच्या हाती?

निकालाच्या दिवशी आपण सगळेच एक पत्ता टाइप करतो आणि साइट उघडली नाही की सर्व्हरच्या नावाने बोटं मोडतो. पण ‘डॉट इन’ म्हणजे भारत आणि ‘डॉट आरयू’ म्हणजे रशिया, ही यादी मुळात ठेवतं कोण? आणि एखाद्या सरकारने उद्या म्हटलं की त्यातलं एक नाव खोडा, तर?

हे घडून गेलंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केलं आणि काही दिवसांतच युक्रेन सरकारने ‘डॉट आरयू’ रद्द करण्याची मागणी केली. ती गेली ‘आयकॅन’कडे, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे. आयकॅनने नकार दिला. आमचं काम इंटरनेट चालू ठेवण्याचं आहे, कुणाला शिक्षा करण्याचं नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

हल्ला झालेल्या देशाला असं उत्तर मिळणं कठोर वाटतं. तरीही ते बरोबर होतं. कारण आज योग्य कारणासाठी खोडलेलं नाव उद्या चुकीच्या कारणासाठीही खोडता येतं. शिवाय युद्धाला विरोध करणाऱ्या रशियन तरुणांच्या साइट्सही त्याच फटक्यात गेल्या असत्या.

पण आयकॅन म्हणजे काही धुतल्या तांदळासारखी नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात नोंदवलेली ही संस्था ३० सप्टेंबर २०१६ पर्यंत अमेरिकन सरकारच्या कराराखाली हे काम करत होती. मूळ यादीत बदल करायचा तर तिथल्या वाणिज्य खात्याची मान डोलावी लागे. प्रौढ साइट्ससाठीच्या ‘डॉट एक्सएक्सएक्स’चा निर्णय लांबवा, असं पत्र त्याच खात्याने २००५ मध्ये धाडलं होतं. ते नाव सुरू व्हायला २०११ उजाडलं.

आता बहुतेक सरकारं एका सल्लागार समितीत बसतात. त्यांचा सल्ला ऐकला जातो, पण तो हुकूम नसतो. ‘डॉट अ‍ॅमेझॉन’चंच बघा. २०१२ मध्ये कंपनीने हे नाव मागितलं. ब्राझील आणि पेरूचं म्हणणं, अ‍ॅमेझॉन ही आधी आमची नदी, आमचं जंगल. २०१३ मध्ये समितीने विरोध केला, २०१४ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनी मागे हटली नाही आणि २०१९ मध्ये पारडं तिच्या बाजूला झुकलं. म्हणजे सरकारांना पूर्ण बाहेर ठेवलं तर मैदान कंपन्यांना मोकळं.

भारतानेही दोन्ही टोकं पाहिली आहेत. २०११ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला. २०१५ मध्ये मात्र सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरिक अशा सगळ्यांनी मिळून कारभार करावा, अशी भूमिका घेतली. आम्हाला ही दुसरी भूमिका पटते. सरकारांना आवाज हवाच, पण किल्ली कुणा एकाच्या खिशात नको.

अट एकच: त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या राहता कामा नयेत. २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं. पत्त्यात देवनागरीची कोणती अक्षरं चालतील, याचे नियम तज्ज्ञांच्या गटाने बसून ठरवले. ‘दऱ्या’मधला आपला ऱ्या हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. ते सांगणारं कुणी तिथे नसेल, तर अक्षर आपोआप येत नाही.

आयकॅनच्या मसुद्यांवर कुणीही मत पाठवू शकतं. विद्यार्थ्यांसाठी तिचा ‘नेक्स्टजेन’ नावाचा कार्यक्रम आहे, फेलोशिपही आहे. कायदा, भाषा, कॉम्प्युटर, राज्यशास्त्र, कुठल्याही शाखेचे असा, तिथे काम आहे. तुम्ही गेला नाहीत, तर ती खुर्ची सरकार किंवा कंपनी भरेलच.