सांगकाम्या

उमेळ्यात बसून मी दूरच्या सर्व्हरवर एक नोकर ठेवला आहे, असे म्हटले तर कला शाखेतील मित्र हसतील. या नोकराचे नाव क्रॉन. १९७० च्या दशकात तो युनिक्स प्रणालीत आला. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार या पाच रकान्यांत वेळ लिहून द्यावी. त्या वेळी तो आपली स्क्रिप्ट चालवतो.

परीक्षेचा अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सहाला वर्गमित्रांना आठवण जावी, अशी मी व्यवस्था केली. निरोप गेला साडेअकराला! सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर होते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. माझ्या भरवशावर राहिलेली मैत्रीण नायगाव स्टेशनकडे धावली, तरी तिला विलंबशुल्क पडलेच. चूक माझी, सांगकाम्याने सांगितले तेच केले.

म्हणून मित्रहो, नव्याने आरंभ करताना ते काम आधी स्वतःच्या हाताने करून पाहा. सर्व्हरचे घड्याळ तपासा, प्रत्येक फेरीची नोंद फाइलमध्ये ठेवा आणि पहिले काही दिवस ती रोज वाचा. नोकर ठेवला म्हणून मालकाची जबाबदारी सरत नाही.