पाहुणा गावाचा

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली श्रीरामपूर-राहात्याकडे गेलं. उसाचे मळे पिकले, लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला, जिल्ह्याचं नाव झालं. ज्या डोंगरांवर हा पाऊस कोसळतो, त्या अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात मात्र एप्रिल-मे उजाडला की बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्याची वाट धरतात.

आता त्याच डोंगरांत पर्यटनाचा पैसा येतो आहे. तोही असाच खाली वाहून जाणार का, हा आमचा प्रश्न आहे.

कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि मेअखेरीचे काजवे यांच्या ओढीने पुण्या-मुंबईची माणसं येतात. पहिल्या मोठ्या पावसाआधी सादड्याचं अख्खं झाड एका लयीत लुकलुकतं. नर मादीला साद घालत असतो. तेवढ्यात वळणावरून गाडीचा हेडलाइट पडतो, मोबाइलचे फ्लॅश उडतात आणि त्या उजेडात ती साद हरवते. झाडाखालच्या गवतात, मातीत त्यांची पुढची पिढी वाढायची असते. ती शेकडो पायांखाली तुडवली जाते. अशा रात्रीचे पैसे तंबूवाला घेतो. कचरा गावाच्या वाट्याला येतो.

पण याच तालुक्यात पुरुषवाडी आहे. महादेव कोळ्यांच्या या गावात पाहुणे घराघरांत पाळीने उतरतात. सारवलेल्या ओट्यावर चुलीवरची भाकरी, ठेचा आणि पिठलं समोर येतं. वाट दाखवणारा पोरगा गावातलाच, आणि पाहुण्याने कुठे जायचं, कुठे नाही, तेही गावच सांगतं. दूर एक्वाडोरमध्ये नापो नदीच्या वरच्या जंगलातल्या किचवा लोकांनीही, तेलकंपन्यांचा रेटा वाढत असताना, हीच वाट धरली. कापिरोना गावाने सुरुवात केली आणि १९९३ साली आसपासच्या गावांनी मिळून आपलं जाळं उभारलं. जंगल राखून पोट भरता येतं, हे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर दाखवलं.

आपल्याकडे तर कायदाही पाठीशी आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. काजव्यांच्या दिवसांत किती गाड्या सोडायच्या, त्या कुठे थांबवायच्या, शुल्क किती घ्यायचं आणि ते कोणाच्या खात्यात जमा व्हायचं, हे ग्रामसभेने ठरवावं. वनखात्याने आणि पर्यटन खात्याने तिच्या सोबतीला उभं राहावं, तिच्या डोक्यावर बसू नये. या माणसांना जंगल शिकवायची गरज नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं घरात जपलं, तेव्हा त्यांच्यामागे कुठली पदवी नव्हती. २०२० चा पद्मश्री सन्मान त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाणार असाल तर गावातल्याच घरी उतरा आणि पैसे त्याच घरी द्या. मात्र आधी कळवून जा. या दिवसांत खाचरातला भात कापणीला आलेला असतो आणि घरची माणसं दिवस मावळेपर्यंत शेतात असतात.