शिश्नव्रणाची परीक्षा : तुकडा किती खोल घ्यावा?

शिश्नावर महिनोन्महिने न भरणारा व्रण किंवा चामखिळीसारखी वाढ दिसली, की आपल्याकडील रुग्ण प्रथम मलम शोधतो, मग गुप्तरोगावरची औषधे घेतो, आणि लज्जेपायी बराच काळ दवडल्यावर रुग्णालयाची पायरी चढतो. या विलंबाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकास येथे निराळ्याच उणिवेकडे लक्ष वेधावयाचे आहे; ती रुग्णाची नसून वैद्यकाची आहे.

पाश्चात्त्य देशांच्या मानाने शिश्नाचा कर्करोग भारतात अधिक आढळतो. त्याची शंका आली म्हणजे जीवोतक परीक्षा करतात. म्हणजे ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. परंतु पुष्कळदा चिमट्याने वरवरचा कण तेवढा खुडला जातो. त्यात त्वचेचे राठ थर व मृत द्रव्य यांपलीकडे काही हाती लागत नाही, 'कर्करोग आढळला नाही' असा अहवाल येतो आणि रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. बुश्के व लोवेन्स्टाइन यांनी १९२५ साली वर्णिलेली अवाढव्य चामखीळ तर विशेष फसवी. वरून निरुपद्रवी भासणाऱ्या तिच्या तळाशी कर्करोग दडलेला असू शकतो.

रोगाची खोली हाच येथे कळीचा प्रश्न होय. त्वचेखालचा संयोजी थर, मूत्रमार्गाभोवतीचा स्पंजासारखा भाग, आणि त्यालगतचे ताठरता आणणारे दोन स्तंभ, यांपैकी कोठवर अर्बुद पोहोचले यावर व त्याच्या पेशींच्या स्वरूपावर पुढील शस्त्रक्रिया ठरते. जांघेतील लसीका ग्रंथींचा विचारही त्यावरूनच करावा लागतो. म्हणून व्रणाची कड व लगतची निरोगी त्वचा यांसह खालच्या ऊतकापर्यंत जाणारी पाचरीसारखी फाक घ्यावी, असे आमचे मत आहे. अग्रत्वचा मागे सरत नसेल तर तिला आधी चीर द्यावी लागते. जागा बधिर करून हे सारे करता येते. थोडे टाके पुरतात. सुरी लागल्याने कर्करोग चिडतो व पसरतो, ही समजूत मात्र सुशिक्षितांतही अजून ऐकू येते!

अर्बुदापलीकडे २ सेंटिमीटर निरोगी भाग कापलाच पाहिजे, हा जुना नियम आता बंधनकारक मानीत नाहीत. रोग उथळ असल्यास काही मिलिमीटर पुरतात. उभ्याने लघवी करता येणे, वैवाहिक जीवन टिकणे, हे पुष्कळदा या फरकावर अवलंबून असते. आणि रोग उथळ आहे की नाही, हे खुडलेला कण सांगू शकत नाही. अहवाल निर्दोष येऊनही व्रण भरत नसेल, तर पुन्हा खोल तुकडा घेण्याचा आग्रह रुग्णानेही निःसंकोच धरावा.