कोडिंग त्यांच्या मुलांना, टायपिंग आमच्या मुलांना?

वराळ्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शेजारी तळेगावची एमआयडीसी आहे. तरीही आमच्या वस्तीतला सातवीचा मुलगा संगणक शिकणे म्हणजे टायपिंग शिकणे असेच समजतो. हा समज त्याच्या डोक्यात कुणी भरला?

विहारातल्या अभ्यासिकेत एका जुन्या लॅपटॉपवर आम्ही स्क्रॅच सुरू केले. रंगीत ठोकळे ओढायचे, एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचे मांजर चालू लागते. पाचवीतल्या एका मुलीचे मांजर कडेला जाऊन अडकले. तिने ठोकळे वरखाली केले, काढले, पुन्हा जोडले आणि कडेला लागताच मांजर परत फिरवणारा ठोकळा शोधून काढला. मी एक शब्द बोललो नव्हतो. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तिने हाताने करून पाहिले. प्रतीत्यसमुत्पाद याहून सोपा कसा शिकवणार?

एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये जगासाठी खुले केलेले हे साधन फुकट आहे, इंटरनेटशिवायही चालते. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या स्क्रॅच ज्युनिअरमध्ये तर ठोकळ्यांवर नुसती चित्रे आहेत. 'तुमच्या पोरांना इंग्रजी कुठे येते?' ही सबबही गेली.

बाजाराने मात्र यातून भीती विकली. 2020 मध्ये व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातीत कोट्यवधींची नोकरी मिळालेला 'वुल्फ गुप्ता' झळकला. असा मुलगाच नव्हता! जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर कंपनीला पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. असली स्वप्ने आपल्याला नकोच आहेत.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, आधी पोरांना वाचता येऊ द्या, कोडिंग नंतर. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो तिथे त्यांचा संताप खरा आहे, आणि शिक्षकभरतीची मागणी सोडायची नाहीच. पण हे 'नंतर' कधी उजाडते? वरच्यांना शिकवा, ज्ञान खाली झिरपेल, हा सरकारी हिशेब महात्मा फुल्यांनी 1882 मध्येच हंटर आयोगापुढे खोटा ठरवला. यंत्राला हुकूम देणारे एका वस्तीतले आणि यंत्राचा हुकूम पाळणारे दुसऱ्या वस्तीतले, ही वाटणी पाचवीच्या वर्गातच होते.

मावळातल्या एका शाळेत देणगीचे संगणक कपड्याखाली झाकलेले मी पाहिले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यात असाल तर पुढच्या बैठकीत विचारा: संगणकाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, आणि ती शेवटची कधी उघडली?