उमेदवाराची पारख

निवडणूक आली की ध्वनिक्षेपक गर्जू लागतात आणि प्रत्येक उमेदवार जनतेचा सेवक होऊन दारी येतो. अशा वेळी ‘राजकारण म्हणजे चिखल, तेथे सज्जनांचे काय काम?’ असा उद्गार पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येतो. हे मत मला मान्य नाही. सज्जन दूर राहिल्याने चिखल वाळत नाही. खरा प्रश्न हा की, सेवेची भाषा बोलणाऱ्या अनेकांतून खरा सेवक ओळखावा कसा?

या बाबतीत प्रा. मधु दंडवते यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे दंडवते १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन निघाले. गोवा तेव्हा परकीय सत्तेखाली होता. तेथून मते मिळण्याची आशा नव्हती, मार मिळण्याची शक्यता मात्र पुरेपूर होती. म्हणून पहिली कसोटी ही : उमेदवारी मिळण्यापूर्वी या मनुष्याने काय केले?

१९७१ च्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै यांचे बेळगावी निधन झाले. त्यांच्या राजापूर मतदारसंघाने त्याच वर्षी दंडवत्यांना लोकसभेत पाठविले आणि पुढे १९८९ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत तोच विश्वास कायम ठेवला. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर गादी बसविण्याचे काम त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेले कामगार पुन्हा कामावर घेतले गेले. मंत्र्याला स्वतः त्या फळीवर निजावे लागत नाही. तरीही निजणाऱ्याची पाठ त्याला आठवावी, ही दुसरी कसोटी.

१९९१ मध्ये त्याच राजापुरात त्यांचा पराभव झाला. मग सचोटीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कौल बदलण्याचा अधिकार मतदारांचा आहे. परंतु मनुष्याचे मोल केवळ कौलावर ठरत नाही. पराभवानंतरही त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही आणि २००५ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले. पद गेल्यावर सेवा उरते की नाही, ही तिसरी कसोटी.

अर्थात केवळ चारित्र्य पुरेसे नाही. सज्जन पण आळशी प्रतिनिधीच्या हातून गावचा साकव बांधला जात नाही. सद्भावनेला अभ्यासाची जोड हवी. दंडवते सभागृहात बोलत ते अंकांच्या व नियमांच्या आधारे, आणि म्हणूनच विरोधकही त्यांचे ऐकत.

विद्यार्थी मित्रहो, १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आहे. म्हणजे तुमची पाळी फार दूर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निर्णयामुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागतात. घरातील वडीलधाऱ्यांसह ते एकदा वाचा. जात, नाते किंवा मेजवानी पाहून दिलेले मत उमेदवारापेक्षा आपलीच किंमत कमी करते. वर्गाचा प्रतिनिधी निवडतानाही हाच विचार करा. पारख करण्याची सवय शाळेत लागली नाही, तर मतदानकेंद्राच्या दारात ती एकाएकी कोठून येणार?