बरा दिसतो म्हणून गोळ्या तोडणारे

मालवण किनाऱ्यावरच्या आपल्या मोहल्ल्यांत पोरगा चार रात्री झोपत नाही, सुसाट बोलतो, खिशात दमडी नसताना नव्या होडीचा सौदा ठरवतो. घरचे घाबरून डॉक्टरकडे नेतात. दोन महिन्यांत तो शांत होतो आणि शेजारचे शहाणे सुरू होतात: "आता चांगला आहे, गोळ्या कशाला? आसेब होतं, उतरलं."

अहो, तो चांगला आहे तो गोळ्यांमुळे! उन्मादाचा पहिला झटका येऊन गेलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी पुन्हा येतो. लिथियम एकदम तोडलं तर लवकर येतो.

रमजानमध्ये तर या सल्लागारांना ऊत येतो. तरावीह, मग गप्पा, मग सेहरी, झोपेचे तुकडे. झोपमोड म्हणजे उन्मादाला आवतण. त्यात रोजे उन्हाळ्यात आले, घामाने अंग कोरडं पडलं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. आजाऱ्याला रोज्याची सवलत सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींतच आहे. ती तापाला लागू आणि डोक्याच्या आजाराला नाही, हे कुणी ठरवलं?

दर्ग्यावर दुआ मागावी, मीही मागतो. पण औषधाऐवजी दर्गा, याचा शेवट एरवाडीत दिसला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या त्या गावी साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळाले. २८ जण गेले. त्यांनाही घरच्यांनी बरं व्हायलाच आणलं होतं.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय लांब पडतं, मान्य. टेलिमानसचा १४४१६ फुकट लागतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरला विचारा: रोजा धरायचा का, गोळी कधी घ्यायची, रक्त कधी तपासायचं.